नमुना क्रमांक चौदा

हातभर खड्डा. त्यात पालथा प्लास्टिकचा कप,
कपाच्या बुडाला आतून चिकटवलेली फिल्म,
लाल, नखाएवढी.
वर माती सारली, चुन्याने आकडा काढला.
तीन महिने.

तुमडीटोल्यात असे वीस पुरले मी,
बांध्यांच्या धुऱ्यांवर, बोडीच्या पाळीवर,
एक रायवंताबाई कोडाप्यांच्या सांदवाडीत.

"का सापडते बा यात?"
वायू, म्हटलं. खडकातला, फटीफटींतून वर येतो.
रंग नाही, वास नाही,
पावणेचार दिवसांत निम्मा सरतो.
"पावनेचार? मंग पावनाच म्हना."

तीन महिन्यांनी एकोणीस निघाले.
चौदाच्या खड्ड्यात लेंड्या.
तिनं खाटेखालून कप काढला, पदरानं पुसून दिला.
"बकऱ्या तुडवत होत्या. तुमी गेले
आन दुसऱ्याच दिशी घरात आनला.
पालथाच ठेवला बरं, तुमी ठेवला तसा."

कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात फिल्म उतरते
आणि जिथं जिथं एक कण घुसला होता
तिथं सुईच्या टोकाएवढं भोक उजळतं.
मी मोजतो, चौकटीमागून चौकट.

चौदावर सरांनी आधीच फुली मारली होती.
तरी मोजला, जेवणाच्या सुट्टीत,
डबा तसाच.
शेणानं सारवलेली भुई, लोटलेलं दार,
नव्वद रात्री,
आणि वीतभर वर तिची कूस.

वहीत मातीचा रकाना आहे, घराचा नाही.
आकडा समासात लिहिला, पेन्सिलनं,
पुन्हा मोजला. तेवढाच.

पुढच्या खेपेला तिला
खिडकीबद्दल विचारायचंय.
म्हणजे, आहे का.