डाव्या हाताची गाठ

म्युझियम म्हणायचं तर तीनच खोल्या.
मी तिसरीत बसतो, खिडकीला पाठ करून,
सार्डिनच्या बंद पडलेल्या कारखान्यातून आणलेल्या खुर्चीवर.
गोलवेन, वय एकाहत्तर. आधी ट्रॉलर, आता भिंती.
भिंती कुठे वाहून जात नाहीत,
एवढं सुख या नोकरीत आहे.

समोर ते चित्र. चित्रकार अज्ञात.

पहिलं वर्षभर मला त्याचा राग यायचा.
समुद्र मोहरीच्या शेतासारखा पिवळाधमक,
टेकडी चढता चढता आभाळात शिरलेली,
झाडांच्या सावल्या जांभळ्या, त्याही उन्हाच्याच दिशेला,
एक निळी गाय,
आणि चर्चच्या छपरावर झोपलेली बाई,
कांजी केलेली पांढरी टोपी पोटाशी धरून,
जणू तिची खाट तिथेच टाकलेली असते.
प्रत्येक आकाराला कडेने काजळ घातलंय,
तरी रंग रेघेत मावत नाही.
फटकारे सगळे एका अंगाला कललेले,
ओहोटीनंतर वाळू दिसते तसे.

मी म्हणायचो, या गृहस्थाने समुद्र पाहिलेला नाही.
मी पाहिलाय चाळीस वर्षं:
करडा, शिशाचा, शेवाळी,
एकदा काळा. त्या खेपेला सहा जण गेलो होतो,
पाच परतलो.
पिवळा? कधीच नाही.

मग एका मंगळवारी, म्युझियम बंद असताना,
शिडीवर चढून दिवा बदलत होतो,
नाक कॅनव्हासला टेकायचंच बाकी,
तेव्हा कोपऱ्यात दिसली होडी.
नखाएवढी. निळ्या गाईच्या शिंगाला बांधलेली.

आणि गाठ.
ओझं आलं तरी न सरकणारी,
ओझं उतरलं की एका बोटाने सुटणारी,
शेपूट मात्र फासाच्या बाहेर,
म्हणजे डाव्या हाताने मारलेली.
तीन फटकारे. मोजले मी. तीनच.
त्यात एक केसभर चूक नाही.

अशी गाठ मारणारा मला एकच माहीत होता, पेरिग.
आम्ही हसायचो त्याला.
तो सहावा.

शिडीवरून उतरलो ते सावकाश.
ज्याला दोर इतका कळतो
त्याला समुद्राचा रंग कळत नसेल कसा?
म्हणजे पिवळा मुद्दाम.
म्हणजे झोपलेल्या बाईला तो तसा दिसत असणार,
किंवा तिची वाट बघणाऱ्याला.
नक्की मला अजून कळलेलं नाही. घाईही नाही.

सोआझिगला एकदा घेऊन आलो,
तिचा मोतीबिंदू पिकला होता तेव्हा.
बराच वेळ बघून म्हणाली,
‘यात विचित्र काय आहे? असंच तर असतं सगळं.’
ऑपरेशननंतर पुन्हा आणली.
‘अगं बाई! गाय निळी आहे की!’
मग घरी जाताना, बसमध्ये, जरा रुसून:
‘इतकी वर्षं जेवताना सांगतोस त्या चित्राबद्दल,
निळ्याचं कधी बोलला नाहीस.’
बोललो होतो. पण वाद घातला नाही.
तिला त्या आठवड्यात दूधसुद्धा निळसर दिसत होतं.

काल शाळेची पोरं आली, ओल्या रेनकोटांसकट.
‘ती बाई पडेल ना खाली?’
‘नाही पडणार. बांधलंय.’
‘कुठे बांधलंय?’
‘शोधा.’
दोन मिनिटं शोधलं त्यांनी,
मग कुणाच्या तरी पिशवीत बिस्किटं निघाली.

एक मुलगी मागे राहिली, एनोरा,
नाव रेनकोटावर शिवलेलं.
पट्टीच्या आत पाय, मान तिरकी,
श्वासाने वार्निश धुरकटेल इतकी जवळ.
‘मागे हो’ म्हणणं माझं काम आहे,
त्याचाच पगार मिळतो.

मी खुर्ची वळवली
आणि खिडकीतून बंदराकडे बघत बसलो.
करडा होता. नेहमीसारखा.
मागून बराच वेळ
काहीच आवाज आला नाही.