तांब्याचा नको

शाहूपुरीत, दुसऱ्या मजल्यावर
माझ्याकडे चार फूट समुद्र आहे.
मोजून सांगतो : अडीचशे लिटर,
खारेपणा एक पॉइंट शून्य दोन पाच, उष्णता सव्वीस.
त्याच्या वर गेली की पंखा पाण्याकडे फिरवतो.
उरलेला वारा माणसांना.

खरा समुद्र गगनबावड्याचा घाट उतरून.
हा पिशवीतल्या मिठाचा,
बादलीत रात्रभर ढवळून केलेला.
त्रिशला म्हणाली, एवढ्या निगुतीनं
एकदा लोणच्यात मीठ घालून दाखव.

आक्का काही बोलली नाही.
ती पाणी गाळून पिणारी,
दिवस मावळायच्या आत जेवणारी.
माशांना गोठवलेली कोळंबी आणली तेव्हा
तिनं फक्त फ्रिजकडे बघितलं.
तेव्हापासून ती कोळंबी उद्यमनगरात असते,
कारखान्यातल्या छोट्या फ्रिजमध्ये, इलाईच्या डब्याशेजारी.

पहिल्यांदा मीच मारले.
लेथवर दिवसभर पितळ : बुश, नोझल, व्हॉल्व्ह.
घरी यायचं आणि तसाच कोपरापर्यंत हात आत,
एखादं आडवं झालेलं पोवळं उभं करायला.
नखांत चुरा.
पितळात तांबं किती, हे मला झोपेत विचारा.
पण तांबं कुणाला काय करतं, हे कळायला
माझा लाल पट्ट्यांचा झिंगा उताणा पडावा लागला.
मग पोवळी मिटली एकेक,
बंदच्या दिवशी शटरं पडतात तशी.
ज्या हातांवर घर चालतं, त्याच हातांनी.

दुसऱ्यांदा पंचगंगेनं.
जिन्याच्या नवव्या पायरीवर पाणी आलं, लाइट गेली.
खाली नदी, वर समुद्र,
मध्ये आम्ही तिघं आणि बंद पंप.
एवढ्या पाण्यात पाणीच गुदमरत होतं.

प्लॅस्टिकच्या मगनं उपसायचं, उंचावरून ओतायचं,
बुडबुडे होतील तेवढाच श्वास.
शंभर वेळा. हात बदलून शंभर वेळा.
बारानंतर त्रिशला.
तीनला आक्का उठून आली, देवापुढचा तांब्या घेऊन.
"तांब्याचा नको!"
मी ओरडलो. आक्कावर, जन्मात पहिल्यांदा.
ती थांबली. तांब्या जागेवर ठेवून आली,
स्टीलची चरवी घेतली,
आणि णमोकार पुटपुटत ओतत राहिली उजाडेपर्यंत.

अशा तीन रात्री. चौथ्या दिवशी बोट आली,
आम्ही गेलो.

परतलो तेव्हा वास जिन्यातच भेटला.
चिखलाचा की वरचा, ठरवता येईना.
त्रिशलानं ओढणी नाकाला बांधली आणि म्हणाली, चल.

दगड तेवढे टाकले नाहीत.
ब्रशनं घासले, नव्या मिठात ठेवले, दिवा लावला
आणि रिकाम्या पाण्याला रोज मोजत बसलो.
नळीतला हिरवा रंग पिवळा व्हायला एकवीस दिवस.
शेजारचे विचारायचे, काय बघतोयस त्यात?
इलाई आला, इन्व्हर्टर जोडून गेला,
पंपाला नायलॉनच्या रॉडातून कपलिंग काढून दिलं.
"पितळ नाही, भूपालशेठ. वास घेऊन बघा."

क्षमावणीला घरोघर उत्तम क्षमा, उत्तम क्षमा.
आक्का काचेपुढे उभी राहिली, हात जोडून.
आत दगड होते नुसते.
कुणाला म्हणाली, मी विचारलं नाही.

दगडाच्या मागच्या भोकात
मोहरीएवढं हिरवं बटण उघडलेलं दिसलं,
ते त्यानंतर अकरा दिवसांनी.
योगबिग काही नव्हता. टॉर्च मारून शोधत होतो.

आता काचेवर पेन्सिलची रेघ आहे.
रात्रीत पाणी बोटभर उतरतं. उडतं ते गोडं,
मीठ मागं राहतं. म्हणून भरायचं ते गोडंच.
रोज सकाळी आक्का भरते, फडक्यानं गाळून.
ते फिल्टरचंच असतं, गाळायची गरज नाही.
सांगितलेलं नाही मी.
आणि मला झाकण उघडायचं असेल
तर आधी तिला नखं दाखवावी लागतात.