दोन पॉइंट एक

पोदेराचा भोंपू वळणावर वाजला
म्हणजे साडेपाच झाले.
मला सगळे ऐकू येते:
पंख्याची कुरकुर, साईशचा श्वास.
गुडघ्यावर डास बसलाय, चावतोय, तेही कळते.
हात तेवढा ऐकत नाही.

काल माशेलला लग्न होते.
दोनदा भात, मग मणगणे, पुन्हा मणगणे;
मामी वाढत गेली, मी खात गेले,
ठाऊक असून.

बाबा पाडेली होता, सावईच्या कुळागरात.
दिवसाला चाळीस माड,
कमरेला कोयता, पायांत दोरीचा फास.
चवथीच्या दुसऱ्या दिवशी मात्र
ओल्या पोत्यासारखा खाटेवर,
डोळे फक्त इकडून तिकडे.
वाड्यावरचे म्हणाले, देवचार छातीवर बसलाय.
भाटकार म्हणाला, सोंग.
आईने वडाखाली रोट ठेवला, विडी ठेवली,
दुपारी बाबाची बोटे हलली
आणि देवचाराचे नाव झाले.

उठला की तो आधी शहाळे मागायचा,
भाटकाराने मोजून ठेवलेल्यांतले एक
आई पदराखाली आणायची.
का ते त्यालाही सांगता आले नसते.

बांबोळीला एक तरुण डॉक्टरीण
आकड्यावर पेन टेकवून म्हणाली,
पोटॅशियम. दोन पॉइंट एक.
रक्तातले पेशींत जाऊन दडते,
मग स्नायूंना हाक पोचत नाही.
घरात आणखी कुणाला?
मी देवचाराचे सांगितले.
ती हसली नाही. लिहून घेतले.
मग कागदावर चौकोन काढले, गोल काढले,
बाबाचा चौकोन काळा केला, माझा गोल काळा,
साईशचा कोरा ठेवला.
नाणे उडवल्यासारखे असते, म्हणाली.

मुंडकाराचे घर आमचे.
एक-चौदाच्या उताऱ्यावर बाबाचे नाव
कधी लागलेच नाही.
इथे लागले.

"साईश."
आवाज शिल्लक आहे माझा.
तो उठून बसतो, माझ्याकडे बघतो, विचारतो,
"आयलो?"
घरात अजून असेच विचारतात,
कुणीतरी पाहुणा यायचा असावा तसे.

स्टुलावरची बाटली तो घेतो.
झाकण घट्ट बसलेय.
नऊ वर्षांची बोटे पीळ देतात, घसरतात,
बनियनला पुसून पुन्हा पीळ देतात.
औषध नंतर.
मी त्या बोटांकडे बघते आहे.