खपाची वही

सिंदेवाहीच्या बाजारात, चिवड्याच्या ठेल्याला लागून
आमची ताडपत्री. चार कोपऱ्यांवर चार धोंडे,
मधात पुस्तकं.

वही मोठ्या बापाच्या हातची, शाई उडालेली:
पंचांग चाळीस. पोथी बारा. उखाणे सात.
प्रेमपत्रं कशी लिहावी, एकवीस.
पुढं बारीक अक्षरात:
‘सगळे म्हणाले, दोस्तासाठी पाहिजे.’

मंडईच्या दिवसांत नाटकाचं पुस्तक जायचं.
एक प्रत, नऊ पात्रं,
खलनायकाच्या पानावर तेलाचा डाग.

मोबाईल आला अन् पत्रं बसली.
स्वप्नफळ तेवढं टिकलं;
साप दिसला तर काय, हे अजून विचारतात.
भुताच्या गोष्टी कोणी घेईना,
शेवटी डोमाजी चिवडेवाल्यानं किलोनं नेल्या.
लोक चिवडा संपवून कागद उलगडत,
भूत विहिरीपाशी यायचं
अन् तिथंच पान फाटलेलं.

आता ताडपत्री खाकी झाली.
पोलीस भरती, वनरक्षक, तलाठी.
दरसाल नवं कव्हर, आत तेच प्रश्न.
जाहिरात निघाली का दुपारपर्यंत गठ्ठा साफ.
भरती पुढं ढकलली का तोच गठ्ठा
या बाजारातून त्या बाजारात;
वजन माझ्या कमरेला विचारा.

मागच्या बाजाराला नाकाड्यांची प्रणोती आली.
वनरक्षकाचं गाईड उचललं, मग पाककृतीचं.
दोन्हीचे पैसे मोजले, घामानं ओल्या नोटा,
अन् म्हणाली, ‘काका, याचं कव्हर त्याले लावून द्या ना.’
मी पाहतच राहिलो.
‘रविवारी पाहुणे येऊन राह्यले पाहाले,’
एवढंच बोलली.

पेटीतून ब्लेड काढली, खळीचा डबा काढला.
दोन्ही मोठ्या बापाच्या वेळचे.
मला इतके दिवस वाटे,
फाटकी पुस्तकं डकवायला ठेवले असतील.

गाईडावर पुरणपोळी बसली, कोपरे दाबले.
आतलं उघडं पुस्तक ती इथंच सोडून गेली.

रात्री वही घेतली.
पोथी बारा, यावर बोट ठेवून बसलो बराच वेळ.
बारा पोथ्यांत किती पोथ्या, बापा?

मग आजचा हिशेब लिहिला:
पाककृती, दोन.
पुढं बारीक अक्षरात
काहीच लिहिलं नाही.