तिसरं पोतं

पाजूच्या स्टुडिओत, हिरव्या पडद्यापुढे
मी माणसांना उडवतो.
सव्वीस वर्षं हाच धंदा: चार मिलिमीटरची तार,
दोन कप्प्या, आणि खाली सहा जणांच्या पाठी.
पडद्यावर आम्ही दिसत नाही. दिसलो तर शिव्या.

या वेळी गोष्ट आमच्या जॉन्गसनच्या डोंगरातली.
गरिबाघरी पोर जन्मतं, काखेत पंख घेऊन.
तीन दिवसांचं असताना आढ्यावर जाऊन बसतं.
राजाला कळलं तर घराण्याचा निर्वंश,
म्हणून आईबाप त्याला निजवतात,
अंगावर सोयाबीनचं पोतं ठेवतात. मरत नाही.
दुसरं ठेवतात.
तिसऱ्याला गप्प होतं.
मग डोहातून पंखांचा घोडा वर येतो,
धन्याला शोधत तीन दिवस खिंकाळतो
आणि बुडतो.
आमच्या गावाखाली तो डोह आहे. आम्ही तिथे मासे धरायचो.
कोणी फार उड्या मारल्या की मोठी माणसं म्हणायची,
हळू रे. काखा बघू तुझ्या.

दिग्दर्शक प्यो चाळिशीच्या आतला. म्हणाला,
आपला मरणार नाही.
आपला पोती फोडून उठेल, दाणे हवेत थांबतील,
एकेक दाणा गोळीसारखा सुटेल, आणि तो
सोलच्या काचेच्या मनोऱ्यांमधून –
त्यानं हातानंच दाखवलं. छान होतं.
मी तारेची लांबी लिहून घेतली.

नटीचे हात फार गुळगुळीत,
म्हणून नुसत्या हातांसाठी आणलेली बाई, मा चोम-रे,
मंगवॉन बाजारात लसूण सोलणारी.
पोत्यात फोमचे दाणे. बाळ रबराचं,
छाती बॅटरीवर हलणारी.
पहिलं पोतं तिनं ठेवलं. दुसरं ठेवलं.
तिसरं उचललं, आणि धरूनच बसली.
कट. पुन्हा.
पुन्हा तेच.
प्यो समजावत होता, आजी, तो मरत नाही,
पुढच्याच सीनमध्ये उठतो.
ती म्हणाली,
त्या बाईला कुठे माहीत होतं?

नवव्या टेकनंतर दुसरे हात मागवले.
जाताना ती माझ्यापाशी थांबली. तार कुठे बांधतोस?
मी दाखवलं: कंबरेला, आणि इथे, काखेखाली पट्टा.
लसणाच्या वासाचं बोट तिनं तिथे टेकवलं.
इथेच की, म्हणाली, आणि मजुरीची सही करायला गेली.

रात्री दो-ग्योमला चढवला.
पट्टा आवळताना मी कधी विचारत नाही, आज विचारलं.
दुखतं का रे?
नेहमीच, म्हणाला तो, च्युइंगम चघळत.

मग खूण झाली.
आम्ही सहा जण टाचा रुतवून
पोत्यांसारखे मागे कोसळलो
आणि तो वर गेला.

तार कम्प्युटरवाले पुसतील.
घोडा गुरुवारी येणार आहे.
त्याला अजून कोणी सांगितलेलं नाही.