अचूक स्थान

गुरुवारी वाचनालयात म्हातारी माणसं फोन घेऊन येतात.
कुणाला पणतीचा फोटो मोठा करून हवा असतो,
कुणी बँकेचा पासवर्ड विसरलेलं असतं.
हेल्दुरला यातलं काहीच नको होतं.
त्यानं टेबलावर ठेवला कोरा फोन, खोक्यासकट,
आणि चौकटीच्या कागदावर टाकानं उतरवलेले आकडे:

उत्तर ५७ अंश ४३.११८
पूर्व २६ अंश ५५.४०२

"इथं कुणीतरी डबी लपवली आहे. मला ती हवी."
काय असतं डबीत?
"वही. आणि पेन्सिल, कुणी ढापली नसेल तर."

ॲप उतरायला वीस मिनिटं लागली.
दलदलीत रेंज मिळत नाही,
म्हणून लात्वियाच्या हद्दीपर्यंतचा नकाशा आधीच साठवून घेतला.
बॅटरी वाचवायची सोय बंद केली,
नाहीतर फोनला डुलकी लागते
आणि जाग आल्यावर तो आपल्याला मागच्या वळणावर उभं करतो.
होकायंत्र हट्टाला पेटलं होतं.
मी म्हटलं, हवेत फिरवा, दोन फास एकमेकांत गुंतवल्यासारखा.
त्यानं फिरवला, गंभीरपणे, तीनदा.
तरी उत्तर दिशा खिडकीतून रस्त्यावर उतरून बेकरीकडे निघालेली.
मग लक्षात आलं: कव्हरच्या झडपेत चुंबक होतं.
कव्हर काढलं, उत्तर परतली.

तेवढ्यात पडद्यावर प्रश्न आला:
स्थान कसं कळू द्यायचं?
अचूक, की अंदाजे?

त्याचं बोट काचेपासून वीतभर वर थांबलं.

"अंदाजे," तो म्हणाला, "हीच तर माझी नोकरी होती.
ताल्लिनमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, एकोणीस वर्षं.
लोकांना विकायचे नकाशे आम्ही काढायचो.
वरून चिठ्ठी यायची:
ओढा दोन मिलिमीटर पूर्वेला घ्या,
गाव जरा वर ढकला,
पूल नकोच.
चुकायचं, पण नीटनेटकं.
खोटी रेघसुद्धा पट्टी लावूनच मारायची."

मी काही बोलले नाही. रेडिएटर टकटकत होता.

"माझा मेहुणा लेम्बित असाच एक नकाशा घेऊन क्लाउडबेरी वेचायला गेला.
दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आला, एका बुटावर.
घरातले सगळे हसले.
मीही हसलो."

आणि त्यानं दाबलं: अचूक.

बाण जागा झाला.
एकोणचाळीस किलोमीटर, नैर्ऋत्येला.
"म्हणजे लात्वियात?" त्यानं चष्मा कपाळावर चढवला.
चूक माझी होती. मिनिटांना मी अंशांच्या दशांशात कोंबलं होतं.
शिकवायला मी बसले होते;
एका अंशात साठ मिनिटं कशी मावतात
ते त्यानं मला ग्रंथालयाच्या कार्डाच्या पाठीवर काढून दाखवलं.
अशी सरळ रेघ
मी हातानं मारलेली पाहिली नव्हती.

शनिवारी गेलो. फळ्यांची पायवाट,
दोन्ही बाजूंना काळं पाणी, खुरटे पाइन.
तीनशे मीटर. नव्वद. अकरा.
चारवर आकडा अडला आणि बाण भोवंडल्यासारखा फिरू लागला.
चार मीटरच्या आत यंत्राचं चालत नाही,
तिथून पुढं गुडघे टेकावे लागतात.

उन्मळून पडलेल्या झाडाच्या मुळात, शेवाळाखाली
औषधाच्या गोळ्यांची डबी.
वही ओलसर. पेन्सिल होती, टोक नव्हतं.
त्यानं अळंब्यांच्या चाकूनं टोक काढलं,
नाव लिहिलं, तारीख लिहिली,
पुढं आणखी काहीतरी लिहायला घेतलं
आणि वही मिटली.

निघताना मी फोन पुढं केला.
आमचा निळा ठिपका
ओढ्याच्या ऐन मधोमध उभा होता.
हेल्दुरनं खाली पाहिलं.
आधी डावा बूट, मग उजवा.
दोन्ही कोरडे.

"दोन मिलिमीटर," तो म्हणाला,
आणि फोन खिशात टाकून पायवाटेला लागला.