शेपूट

अंबडला, पत्र्याच्या शेडमध्ये,
थर्माकोलच्या ठोकळ्यातून
तीन महिने मी वारा कोरतेय.
मोटर बसली, बॅटरी बसली,
हवेशी बोलणी तेवढी अडलीत.

गांगुर्डेमामा फायबरवाले.
जन्मभर द्राक्षबागेच्या ब्लोअरच्या टाक्या केल्या.
फेअरिंगवरून तळहात फिरवत म्हणाले,
"तोंड झकास. पण मागं काय गं,
कुऱ्हाडीनं तोडल्यागत?"

पहाटे पेठ रोडला काढली.
अंगभर चिकटवलेली लोकर,
भाचीच्या उसवलेल्या टोपीची.
मामा पुढच्या पिकअपमध्ये, मोबाईल धरून, उलटे बसलेले.
ऐंशीला इंजिनाची घरघर नाही, काही नाही,
म्हणून तर ऐकू आली
पाठीमागची कुरकुर.

व्हिडिओत पुढचे धागे
तेल लावून विंचरल्यासारखे.
सीटमागचे मात्र
झिंज्या धरून भांडत होते.

शेडमध्ये मामांनी
न बोलता नवा ठोकळा पुढे सरकवला.
शेपूट वीतभर वाढवलं,
घासत घासत निमुळतं केलं,
इतकं, की हवेला
आपण सुटलो कधी ते कळू नये.

चहा आला. मामा मागून बराच वेळ बघत राहिले.
"आता नंबरप्लेट कुठं ठोकणार?"